मास्तरचं बिऱ्हाड

किशोरराव निरगुड्यांनी आयुष्यात कधी मासा पाळला नव्हता, आणि पाळावा असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. मासा हा प्राणी एक तर नदीत असावा, नाहीतर ज्यांना चालतो त्यांच्या ताटात, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवून, तिच्यात दिवा लावून, आत बुडबुडे सोडून माशाला नवरदेवासारखा मिरवायचा, हा त्यांना रिकामटेकडेपणा वाटे. तरीही गेल्या उन्हाळ्यात त्यांचा सोफा समोरच्या घरात गेला आणि समोरच्या घरातला मासा त्यांच्या दिवाणखान्यात आला. हे ऐकून कोणाला शहाणपण येईल अशी खात्री देता येत नाही. खुद्द किशोररावांनाच ते आलं, पण जरा उशिरा.

समोरचं घर म्हणजे धोंडीराम गांगुर्ड्यांचं. पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला गोदाछाया नावाची सोसायटी आहे. नावात गोदा आहे, नळाला मात्र तिचा भरवसा नाही. तिच्या दुसऱ्या मजल्यावर या दोघांची दारं समोरासमोर. किशोररावांचं घर दोन बेडरूमचं आणि गांगुर्ड्यांचं एक खोली-किचनचं. गांगुर्डे मनमाडला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. बायको गेल्यावर मुलगी म्हणाली, माझ्याकडे या. मुलगी आशा मनमाडलाच दिलेली. पण लेकीच्या उंबऱ्यावर राहायचं नाही, या एका हट्टापायी म्हातारा मनमाड सोडून नाशकात येऊन एकटा राहिला होता. घरात एक कॉट, एक गॅस, देवाचा फोटो आणि भिंतीतल्या कोनाड्यात माशाची टाकी.

मासा एकच. फ्लॉवरहॉर्न जातीचा. लालबुंद, वीतभर लांब आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. कोणीतरी सकाळीच डोक्यात काठी घातल्यासारखा त्याचा चेहरा दिसे, आणि त्यावर रागही तसाच. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो दिवसभर येरझाऱ्या घाली. गाडी यायच्या वेळेला स्टेशनमास्तर फलाटावर घालतो तशा. म्हणून गांगुर्ड्यांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. सकाळी दूधवाला आला की समोरच्या दारातून आवाज ऐकू येई, "काय मास्तर, गाडी वेळेवर हाय का?" मग मास्तर काचेला नाक लावून शेपटी हलवी आणि म्हातारा खूष होऊन एकटाच हसे.

चैत्र संपता संपता गांगुर्डे नातीच्या साखरपुड्याला मनमाडला निघाले. किल्ली किशोररावांच्या हातात देत म्हणाले, "किशोरभाऊ, आठ दिवसांचा प्रश्न हाय. सकाळ-संध्याकाळ चार-चार दाणे टाकायचे. बाकी काय करायचं नाय. पाण्याला हात लावायचा नाय, टाकीला हात लावायचा नाय."

आता, किशोरराव अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंतल्या चुका काढून त्यांचा स्वभाव असा झाला होता की 'बाकी काही करायचं नाही' हे वाक्य त्यांना पचतच नसे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते जिलबीचे वेढे सारखे आहेत का ते बघत. तरी आठ दिवस त्यांनी हात आवरला. फक्त दाणे टाकले. आणि नवव्या दिवशी आशाचा फोन आला, की बाबा बाथरूममध्ये घसरले, घोटा मोडला, प्लास्टर घातलंय, आता महिना-दीड महिना काही हलवता येणार नाही.

तिथून सगळं बिघडलं.

मे महिना लागला. टाकीची काच हिरवी झाली, कोपऱ्यात शेवाळ धरलं. किशोररावांना ते बघवेना. एका रविवारी ते बादली, ब्रश आणि जुना टॉवेल घेऊन निघाले. त्यांची पत्नी योगिनी नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवत असे. सूचना पाळण्याच्या बाबतीत ती पोरांना जितकी ओळखून होती तितकीच नवऱ्यालाही.

"अहो, काकांनी सांगितलंय ना, हात लावू नका म्हणून?"

"काकांनी ते आठ दिवसांसाठी सांगितलं होतं. परिस्थिती बदलली की सूचना बदलतात."

"कोणी बदलल्या?"

किशोरराव बादली उचलून समोर गेले. पुढची काच घासून झाली. मागची काच भिंतीला टेकलेली. तिथे हात जाईना. म्हणून त्यांनी टाकी जरा पुढे ओढायचं ठरवलं. पाण्यासकट. टाकी हलली नाही. त्यांनी पाय भिंतीला लावला आणि जोर केला.

टक्क.

आवाज अगदी लहान झाला. सुपारी फुटल्यासारखा. खालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली, सावकाश वर गेली, आणि किशोरराव तिच्याकडे बघतच राहिले. सदोष मालाकडे बघायची सवय होती, पण माल आपल्याच हातांनी सदोष होताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. पुढच्या क्षणी पुढची काच सुटली आणि गांगुर्ड्यांच्या खोलीत पूर आला. पाणी कॉटखाली गेलं, दाराबाहेर गेलं, जिन्यावरून उड्या मारत पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी सुनील बच्छावांच्या उंबऱ्याशी पोचलं आणि त्यांच्या दारातली रांगोळी घेऊन पुढे गेलं.

मास्तर फरशीवर तडफडत होता. किशोररावांनी झेप घालून त्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि मास्तरने, ज्याच्याशी आजवर कोणी अशी झोंबाझोंबी केली नव्हती, त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. किशोरराव ओरडले, मासा सुटला आणि कॉटखाली गेला. तेवढ्यात योगिनी आली. तिने ओला टॉवेल टाकला, मास्तरला अलगद गुंडाळला, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ न्यावं तसा स्वतःच्या बाथरूममध्ये नेला आणि पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये सोडला. तिथून तो दोनदा बाहेर उडाला. आरडाओरडा ऐकून तळमजल्यावरच्या पुतळाबाई वर आल्या. त्यांनी ड्रमवर पाट ठेवला, पाटावर खलबत्ता ठेवला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय खेळ मांडलाय रे किशोर?"

किशोररावांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. योगिनी म्हणाली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. चौकातल्या दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसली होती.

"काय झालं?"

"चावा."

"कुत्रा?"

"नाही. मासा."

मुलीने मान वर केली. "काका, इथे कुत्रा, मांजर, माकड आणि साप एवढंच येतं. मासा नाहीये."

"मग 'इतर' करा."

"'इतर'ला डॉक्टर सिव्हिलला पाठवतात."

मागे रांगेत बसलेल्या एका गृहस्थांनी मोठ्यांदा विचारलं, "कोणता मासा हो? शार्क?" सगळा दवाखाना हसला. शेवटी किशोररावांना मांजर चावल्याचं नोंदवून इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पट्टी बघून लोकांनी विचारलं, तेव्हा त्यांनी काच लागली म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाच्या मालाबद्दल खोटं लिहिलं नव्हतं. स्वतःच्या अंगठ्याबद्दल मात्र लागोपाठ दोन खोटी खपवली.

संध्याकाळी त्यांनी मन घट्ट करून मनमाडला फोन लावला. आशाने घेतला. सगळं ऐकून ती घाबरून म्हणाली, "दादा, बाबांना यातलं काही बोलू नका. त्यांचं बीपी वाढलंय. इथे तर सारखं मास्तर-मास्तर चाललंय त्यांचं." आणि मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला.

"किशोरभाऊ, मास्तर काय म्हणतोय?"

"मजेत आहे काका."

"फिरतोय ना?"

"फिरतोय तर," किशोरराव म्हणत आणि बाथरूमच्या बंद दाराकडे बघत. आत ड्रममध्ये मास्तर फिरत होता खरा, पण गोल. फलाट गेला आणि नशिबी विहीर आली.

योगिनीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की त्या माशासमोर ती आंघोळ करणार नाही. "बघतो तो," ती म्हणाली. पाट जरा सरकवून ठेवला नाही तर मासा गुदमरेल, आणि सरकवला की तो वर येऊन बघे. शेवटी ड्रमवर साडी टाकून आंघोळी होऊ लागल्या.

बातमी सोसायटीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. पुतळाबाईंचं म्हणणं सरळ होतं. "गंगेत सोडून दे. रामकुंडावर ने आणि सोड. मुक्या जिवाला सोडल्याचं पुण्य लागंल."

"मावशी, तो माझा नाही."

"मंग तर बरंच. पुण्य तुला, खर्च त्याला."

सेक्रेटरी बच्छाव मात्र सल्ला द्यायला आले नव्हते, त्यांनी बैठकच बोलावली. बच्छाव निवृत्त तलाठी. गच्चीत वाळत घातलेल्या पापडांचंही ते मनात क्षेत्रफळ काढत. विषय एक, जिन्यातला पूर. विषय दोन, नवीन टाकी आली तर तिच्यात पाणी कुठून भरणार? उन्हाळ्याचे दिवस, एक दिवसाआड टँकर मागवतोय आपण. तळमजल्यावरचे एक जण म्हणाले, माशाला रोज नवं पाणी लागतं. दुसरे म्हणाले, नाही, माशाला जुनंच लागतं. यावर अर्धा तास गेला. शेवटी ठराव झाला की मासा पाळायला सोसायटीची हरकत नाही, मात्र त्याने किशोररावांच्या वाट्याचं पाणी वापरावं. त्या दिवसापासून निरगुड्यांच्या घरी माणशी अर्धी बादली आंघोळ सुरू झाली. योगिनी मोठे कपडे पिशवीत भरून शाळेत जाताना माहेरी धुवायला टाकू लागली. 

इथवर जे झालं तो अपघात होता. पण यानंतर जे झालं, ते किशोररावांनी चांगल्या हेतूने केलं, आणि पुढे त्यांना खंत वाटली ती याची.

फुटलेल्या टाकीसारखीच टाकी आणून कोनाड्यात ठेवायची, एवढंच काम होतं. योगिनी म्हणाली, "जाताना कोनाड्याचं माप घ्या." किशोररावांना हसू आलं. ज्या माणसाने केसाच्या जाडीचा फरक पकडून गाडीभर माल परत पाठवला, त्याला बायको माप घ्यायला सांगते! टाकी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ते तसेच गेले.

दुकानदार गोड बोलणारा होता. त्याने आधी फोटो मागितला. किशोररावांनी मोबाइलवर मास्तरचा फोटो दाखवला. दुकानदार कळवळला. "अहो साहेब, एवढा राजा मासा आणि तुम्ही त्याला दोन फुटात ठेवता? उद्या तुम्हाला कोणी लिफ्टमध्ये राहायला सांगितलं तर?" मग त्याने चार फुटी टाकी दाखवली. वर पांढरा दिवा, मागे निळा कागद, खाली गुळगुळीत गोटे. किशोररावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. गांगुर्डेकाका काठी टेकत दार उघडतात, बघतात, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "किशोरभाऊ, हे तुम्ही केलं?" ते म्हणतात. या चित्रात फुटकी टाकी कुठेच नव्हती. किशोररावांनी तत्काळ सौदा केला.

टाकी टेंपोतून आली. चार माणसांनी जिन्यातून चढवली. पहिल्या मजल्यावर ती वळेना, म्हणून बच्छावांचं दार उघडायला लावून, टाकीचं एक टोक त्यांच्या दिवाणखान्यात फिरवून घ्यावं लागलं. बच्छाव सोफ्यावर पाय वर घेऊन बसून होते आणि चार फूट काच त्यांच्या नाकासमोरून गेली. दुसऱ्या मजल्यावर गांगुर्ड्यांच्या खोलीत माणसांनी ती कोनाड्याला लावली. कोनाडा अडीच फूट होता.

टेंपोवाला म्हणाला, "साहेब, भिंत फोडायची का?"

योगिनी दारात उभी होती. तिने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर किशोररावांना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "आपल्याकडे सोफ्याच्या जागी बसेल."

बसली. सोफा ठेवायला घरात जागा उरली नाही, म्हणून तो 'तात्पुरता' गांगुर्ड्यांच्या खोलीत गेला आणि कोनाड्यासमोर तिरका अडकून बसला. दुकानदाराला टाकी परत घेता का विचारलं, तर तो म्हणाला, काच आणि लग्नातलं जेवण परत घेत नाहीत.

मग किशोररावांनी टाकी लावायला घेतली, आणि इथे त्यांनी कसलीही कसर ठेवली नाही. पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. जुन्या टाकीतला फिल्टर काढला, त्याच्या आतला स्पंज काळाकुट्ट झाला होता. तो त्यांनी उकळत्या पाण्यात घालून, पिळून पिळून, नव्यासारखा पिवळा केला. गोटे चोळले, नळ्या चोळल्या. सगळं कसं तपासणीला लावल्यासारखं लखलखीत. मग मास्तरला पिशवीत घालून, पिशवी टाकीत तरंगत ठेवून, पाणी अंगवळणी पडू देऊन त्यांनी त्याला हळूच सोडला. दिवा लावला. सगळी सोसायटी बघायला लोटली. पुतळाबाईंनी काचेबाहेरूनच मास्तरची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. बच्छावसुद्धा म्हणाले, "शोभा आली हो हॉलला." बसायला सोफा नव्हता, म्हणून सगळे उभ्यानेच चहा प्यायले. किशोररावांना वाटलं, झालं. सुटलो.

आठवडा गेला नाही तोच मास्तर फिरायचा थांबला. कोपऱ्यात खाली जाऊन बसला. लाल रंग विटका गुलाबी झाला, कपाळावरचं टेंगूळ बसलं, कल्ले धापा टाकू लागले. दाणे समोरून खाली गेले तरी तो बघेना. किशोररावांनी दुकानात फोन केला.

"फिल्टरचा स्पंज जुनाच वापरलाय ना?" दुकानदाराने विचारलं.

"जुनाच. पण उकळून घेतलाय. एकदम स्वच्छ आहे."

 दुकानदार म्हणाला, "अहो साहेब, त्या काळ्या मळातच सगळे चांगले जंतू असतात. ते पाण्यातलं विष खातात. तुम्ही त्यांचंच पिठलं केलं."

त्या संध्याकाळी गांगुर्ड्यांचा फोन आला. "मास्तर काय म्हणतोय?" आणि किशोररावांना 'मजेत आहे' म्हणवेना. आशाला दिलेला शब्द राहिला बाजूला. त्यांनी सगळं सांगून टाकलं. टाकी ओढली ते, फुटली ते, ड्रम, चार फूट, उकळलेला स्पंज, सगळं. सांगताना, कारखान्यात ज्यांच्या आवाजाला लोक दचकतात ते आपणच का, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

 म्हातारा म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार? मी ते फडकं कधी धुतलंच नाय. मला काय इद्या होती व्हय? आळस हो, दुसरं काय." शेवटी म्हणाला, "जगंल का?"

"जगवतो काका," किशोरराव म्हणाले. कशाच्या बळावर म्हणाले, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. दुकानात जाऊन, तिथल्या चालू टाकीतला एक घाण, बुळबुळीत, काळा स्पंज विकत मागितला. दुकानदाराने तो डब्यात पाण्यासकट दिला. बावीस वर्षं निर्दोष माल पास केलेले किशोरराव निरगुडे स्टीलच्या डब्यात मळ घेऊन, तो सांडू नये म्हणून डबा पोटाशी धरून, सिटीबसमध्ये बसून घरी आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "प्रसाद आहे का?" त्यांनी मान डोलावली.

मग सेवा सुरू झाली. रोज थोडं पाणी काढायचं, उघडं ठेवून शिळं केलेलं पाणी घालायचं. दिवा बंद. घरात बोलणं हळू. सोफा नसल्याने किशोरराव टाकीसमोर जमिनीवर सतरंजी टाकून बसत. कारखान्यातून आले की बूट काढून थेट तिथे. टीव्ही लावणं त्यांनी आपणहून सोडलं. योगिनी वह्या तपासायला त्यांच्याशेजारी येऊन बसू लागली. मुलगा बंगळूरला गेल्यापासून ही दोघं एका ठिकाणी इतका वेळ बसली नव्हती. बोलायची माशाबद्दलच, पण बोलायची. एका सकाळी मास्तरने दाणा खाल्ला. किशोररावांनी आंघोळ करत असलेल्या योगिनीला हाक मारून बाहेर बोलावलं. हळूहळू रंग परतला. टेंगूळ मात्र पूर्वीएवढं कधीच झालं नाही. पुढे पुढे तर किशोररावांची बाहेर चप्पल वाजली की मास्तर काचेशी येऊन उभा राहू लागला. किशोरराव इकडे गेले की तो इकडे, तिकडे गेले की तिकडे. याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यात काही वाईट असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आषाढात गांगुर्डे परत आले. आशा सोडायला आली होती. काठी टेकत त्यांनी आपलं दार उघडलं, आणि कोनाड्यासमोर तिरका पडलेला सोफा बघितला. ते तसेच वळले आणि समोर आले. किशोररावांनी टाकीचा दिवा लावला.

ते डोळ्यांत पाणी येण्याचं चित्र काही घडलं नाही. म्हाताऱ्याने इतकी मोठी टाकी बघून "अबब" केलं, एवढंच. मग वाकून, काचेवर बोट ठेवून म्हणाले, "काय मास्तर, गाडी वेळेवर हाय का?"

मास्तर मागच्या काचेपाशी होता. तिथेच राहिला.

"मास्तर," म्हातारा पुन्हा म्हणाला.

"चष्मा नवीन आहे ना तुमचा, म्हणून असेल," किशोरराव घाईघाईने म्हणाले आणि पुढे झाले. त्यांना बघताच मास्तर सुर्रकन पुढे आला, काचेला नाक लावून नाचायला लागला. किशोरराव पटकन मागे सरले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गांगुर्डे हसले. "बदली झाली मास्तरची," ते म्हणाले. "आमच्यात तसंच असायचं. बदली झाली की नव्या स्टेशनातल्या माणसांत मिसळायचं. जुन्याची आठवण काढत बसलं तर गाड्या कोण सोडंल?"

त्यानंतर गांगुर्डे रोज संध्याकाळी येऊ लागले. येताना दारात चप्पल काढत, बेल वाजवत आणि विचारत, "येऊ का?"  स्वतःचा मासा बघायला म्हाताऱ्याला परवानगी मागावी लागत होती. ते यायच्या वेळेला किशोरराव मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसत, म्हणजे मास्तरला दुसरं कोणी दिसायला नको. तिथून ते ऐकत. म्हातारा थोडा वेळ काहीबाही बोले, मग म्हणे, "येतो बरं." पाहुण्यांच्या घरी जास्त बसू नये, एवढी रीत त्यांना होती. पावसाळा सरत आला तसं त्यांचं येणं कमी झालं. कधी घोटा दुखे, कधी सर्दी. एकदा दार उघडं होतं म्हणून किशोररावांनी डोकावून बघितलं, तर गांगुर्डे त्या सोफ्यावर बसून रिकाम्या कोनाड्याकडे बघत होते.

त्याच दिवशी किशोररावांनी टेप घेतला, कोनाड्याचं माप काढलं आणि म्हणाले, "काका, अडीच फुटांची टाकी आणतो. मास्तरला परत इकडे आणू. या वेळी सगळं नीट करू, स्पंजला हात लावणार नाही."

"नका," म्हातारा म्हणाला.

"का?"

"एकदा बिऱ्हाड हलवलं तर मरता मरता वाचला तो. आता कुठं रुळलाय. पुन्हा कशाला उपटायचा? तुम्हाला नाय कळायचं किशोरभाऊ. म्हातारपणी घर हलवलं ना, की पाणी मानवत नाय." मग सोफ्यावर हात फिरवत म्हणाले, "माझं पण ठरलंय. आशा ऐकत नाय. घोटा असा, जिना असा. दिवाळीआधी मनमाडला जातो. आजवर थांबलो ते याच्यासाठी. याला घेऊन लेकीच्या घरी कुठं जायचं, असं सांगत होतो तिला. आता तो प्रश्न राहिला नाय."

 टाकी फुटली नसती तर, असं किशोररावांच्या ओठांवर आलं. म्हाताऱ्यानेच ते ओळखलं असावं. "तुमचा दोष नाय," ते म्हणाले. पण इतकं पटकन म्हणाले, की किशोररावांना वाटलं, हे वाक्य त्यांनी आधी स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलं असणार.

गांगुर्डे गेले. जाताना टाकीपाशी आले नाहीत. "गाडीची वेळ झाली," म्हणाले, आणि जिना उतरले. खाली पुतळाबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली, बच्छावांनी रिक्षात बॅग चढवली. सोफा परत न्यायला सांगून गेले होते. निरगुड्यांच्या घरात त्याला जागाच नव्हती, म्हणून तो गच्चीच्या जिन्यात ठेवला. बच्छावांनी त्यावर अजून बैठक बोलावलेली नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आशाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गांगुर्डे, अंगात स्वेटर, मागे लेकीच्या घराची हिरवी भिंत. जरा वाळलेले दिसत होते.

"दाखवता का जरा?" त्यांनी विचारलं.

किशोररावांनी मोबाइल काचेला लावला. मास्तरने ढुंकूनही बघितलं नाही. तो दुसऱ्या टोकाला गोट्यांत तोंड घालत होता.

"मास्तर! ए मास्तर!" मोबाइलमधून आवाज आला. बारीक आणि खरखरीत. "मी हाय रे."

मास्तर तिकडेच. किशोररावांनी मोबाइल धरलेला हात तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने खाण्याची बरणी उघडली आणि मोबाइलच्या बरोबर वर, पाण्याला लागेल न लागेल असा एक दाणा चिमटीत धरला. मास्तर तीरासारखा आला, काचेवर आपटला आणि शेपटी फटकारत वर-खाली करू लागला. त्याचा लाल चेहरा पडदा भरून दिसत असणार.

"आला! आला बघ आशा!" गांगुर्डे ओरडले. "आवाज ओळखला! म्हणलं नव्हतं मी? ओळखला का नाय किशोरभाऊ?"

"ओळखला काका. लगेच ओळखला."

म्हातारा हसत राहिला. मग खोकला आला आणि आशाने फोन ठेवला. किशोररावांनी दाणा पाण्यात सोडला. मास्तरने तो गिळला आणि पुन्हा गोट्यांकडे गेला.

स्वयंपाकघरातून योगिनीने विचारलं, "खरंच ओळखलं का हो त्याने काकांना?"

"हो," किशोरराव म्हणाले, आणि हात पुसायला फडकं शोधत बाहेर गॅलरीत गेले.